अण्णांचे बावन्न ठोके

वेदपाठकांच्या घरात इंटरनेट अडखळलं की चारी खोल्यांतून एकच हाक उठायची, "ऋजुताऽ!" नवऱ्याची कबड्डी ऐन चढाईत गोठली, ऋजुता. सासूबाईंच्या भिशीतल्या बायका पडद्यावर तोंड वासून थिजल्या, ऋजुता. फ्रिजनं दूध मागवलं नाही, तरी ऋजुता. ती बिचारी हातातलं काम टाकून धावायची, राउटर बंद करून मनातल्या मनात तीस आकडे मोजायची आणि पुन्हा चालू करायची. अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागायचं.

त्या शनिवारी सासऱ्यांच्या खोलीतून हाक आली नाही आणि म्हणूनच ती घाबरली. घाबरणं हा तिचा स्वभावच होता म्हणा. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी तिच्या छातीत धडधडायला लागे. दार ढकलून ती आत गेली. अण्णा, म्हणजे शशिकांत वेदपाठक, वय त्र्याहत्तर, उभ्या सांगलीत हार्मोनियमचे सूर हातानं लावणारा शेवटचा माणूस, खुर्चीत बसले होते. स्पर्शाचे हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते. समोरच्या पडद्यावर नैरोबीच्या मेढेकरबाई होत्या.

"काय झालं, अण्णा?"

"कानस घसरली. परत."

"लाईन गेली असेल. थांबा, मी राउटर..."

"लाईन नव्हे गं पोरी. हात. हात गेला माझा." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं.

प्रकरण असं होतं. अण्णांच्या वडिलांनी सांगलीत बनवलेली एक पेटी साठेक वर्षांपूर्वी नैरोबीला गेली होती. मेढेकरबाई तिच्यावर शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायच्या. तिच्या मधल्या सप्तकातला पंचम बिघडला. पेटीचा सूर म्हणजे एक छोटी पितळी पट्टी. ती टोकाशी केसभर घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हातून जास्त घासलं गेलं तर पितळ काही परत चिकटत नाही. अण्णांच्या हातून ते दोनदा झालं होतं. आता त्या पट्टीत एकाच बैठकीपुरता जीव उरला होता.

"अण्णा, पुढच्या शनिवारी अकराला एकदा शेवटचं बघू," मेढेकरबाई चाचरत म्हणाल्या. "नाहीच जमलं तर मी सगळे सूर काढून कारखान्यातला नवा संच बसवून घेते. मुलांचा कार्यक्रम आलाय हो तोंडावर."

"बसवा," अण्णा म्हणाले. "आणि मीही मोजे कपाटात ठेवतो. बापाचं काम हातानं बिघडवण्यापरीस हात आवरलेले बरे."

ऋजुता स्वयंपाकघरात आली ती डोळे पुसतच. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, अण्णांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तिनं पदर खोचला नाही इतकंच, कारण अंगात टी-शर्ट होता. पण मनाशी ठरवलं की ह्या आठवड्यात लाईनचा छडा लावायचा.

ह्या हातमोज्यांची गंमत सांगायला हवी. ते घालून अण्णा इथं जे करतील तेच नैरोबीत ठेवलेले यांत्रिक हात करतात. सांगलीहून नैरोबीला जाऊन परत यायला, काचेच्या तारेतून धावणाऱ्या प्रकाशालासुद्धा सेकंदाचा विसावा भाग लागतो. बोटांना तेवढा उशीरही कळतो. म्हणून मोज्यांच्या यंत्रातच त्या पट्टीची एक नक्कल रचलेली असते. बोटांना स्पर्श होतो तो नकलेचा, आणि नैरोबीच्या टेबलावरचे यांत्रिक हात क्षणोक्षणी खरी मापं पाठवून त्या नकलेला दुरुस्त करत राहतात. ह्या मापांना जागा फार लागत नाही. एका सिनेमाला लागते तिच्या शंभराव्या हिश्शात काम भागतं. पण ती एका चालीनं, न खोळंबता यायला हवीत. वाट तुंबली की नक्कल शिळी राहते, आणि मग इथं कानस बरोबर पडली तरी तिथं चुकते.

वाट कोणाला किती द्यायची हे ठरवायचा राउटर. आणि वेदपाठकांचा राउटर साधासुधा नव्हता. पूर्वी घरातली यंत्रं आपापली निकड राउटरला स्वतःच कळवायची आणि अर्थातच बिनदिक्कत खोटं बोलायची. वॉशिंग मशीनसुद्धा 'तातडीचं' म्हणून गळा काढी. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं की यंत्राला विचारायचंच नाही, माणसाच्या शरीराला विचारायचं. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडीचे ठोके, दोन ठोक्यांमधलं अंतर, कातडीवरचा घाम असं सगळं वाचलं की माणूस आतून किती कासावीस आहे याचा आकडा निघतो. जिना चढून वाढलेले ठोके वेगळे आणि जिवाला घोर लागून वाढलेले वेगळे, एवढंही त्याला कळतं. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या यंत्राला लाईन आधी. डॉक्टरला फोन लावणाऱ्यांना त्याचा एवढा फायदा झाला की दोन वर्षांत हा राउटर घरोघरी पोचला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मनकवडा. वेदपाठकांकडे तो ऋजुतानंच हट्टानं आणला होता.

रविवारी तिनं मनकवडा फळीवरून खाली काढला, तर मागं पोह्यांचा भलामोठा पत्र्याचा डबा!

"आई, हा डबा इथं कोणी ठेवला?"

"मी. का? पोह्यांनी काय घोडं मारलंय तुझ्या लाईनचं?" सासूबाई म्हणाल्या. शैलजाताईंची जीभ अशी तिखट. कौतुक हा शब्द त्यांनी सुनेच्या बाबतीत सोळा वर्षांत वापरला नव्हता.

डबा हलवला, तारा बदलल्या, फरक शून्य. सोमवारी कंपनीचा माणूस आला. त्याला बघताच अण्णा असे काही भडकले की बस्स. "दहा दिवसांनी उगवलात होय? या, पाट मांडतो, बसा जेवायला!" तो बिचारा मान खाली घालून मोजमाप करत राहिला. अण्णांनी चिडचिडत मोजे चढवले, आणि लाईन काय पळाली म्हणता! एक माप चुकेल तर शपथ.

"लाईन एक नंबर आहे, काका," म्हणून तो गेला.

मंगळवारी ऋजुतानं शेवटचा उपाय केला. टीव्ही बंद, फ्रिजचं नेट बंद, दारावरचा कॅमेरा बंद, नवऱ्याचा टॅब कपाटात. मेढेकरबाईंनी सरावासाठी तिकडे एक टाकाऊ पट्टी बसवून दिली. अण्णा कामाला बसले, आणि ही दाराआड मोबाईल घेऊन उभी. लाईन नीट चालते की नाही ते दर मिनिटाला मोजत होती.

पाचव्या मिनिटाला कानस घसरली.

"बघितलंस?" अण्णांचा आवाज रागाचा नव्हता. "घरातलं सगळं बंद होतं ना? मग उरलं काय? हात."

त्या दुपारी ती ओट्याशी उभी राहून रडली. शैलजाताई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "रडून काय नेट वाढणार आहे? त्या मेल्याच्या पोटात काय चाललंय ते बघ की!"

सासूबाईंचं बोलणं लागलं, पण पटलं. मनकवडा कोणाला किती लाईन दिली याची नोंद ठेवतो, ती तिनं कधी उघडूनच पाहिली नव्हती. आता उघडली. मंगळवार, सकाळ. अण्णा मोजे घालतात, ठोके चौऱ्याहत्तर. कानस हातात घेतात, पासष्ट. कानस पट्टीला टेकते, बावन्न. आणि त्या बावन्नपुढं मनकवड्यानं लिहून ठेवलं होतं, 'बहुधा झोपेत'.

पन्नास वर्षं सूर लावलेला माणूस. काम जितकं नाजूक, तितका तो आत शांत होत जाणार. त्याचं सगळं कसब त्या शांतपणात, आणि ह्या शहाण्यानं त्यालाच झोप समजून लाईन काढून घेतली होती! मग दिली कोणाला? तिनं खालची ओळ वाचली. 'ऋजुता यांचा मोबाईल. ठोके एकशे अठरा. अत्यंत निकड. लाईन ब्याण्णव टक्के.'

लाईन मोजायची म्हणजे ती भरभरून वापरून बघावी लागते. दाराआड ती काळजीनं अर्धमेली होऊन लाईन मोजत होती, आणि तिच्या काळजीनंच अण्णांची वाट तुंबत होती. सोमवारी अण्णा चिडले होते, ठोके शंभर, म्हणून लाईन पळाली.

"आई," ती म्हणाली, "चोर मीच आहे."

तिला हसू फुटलं आणि हसता हसता परत रडू आलं. शैलजाताईंनी शेंगांचं सुपडं बाजूला ठेवून सगळं दोनदा समजून घेतलं. "म्हणजे त्यांचा हात गेलेला नाही?"

"नाही हो! हात पहिल्यासारखाच आहे. कदाचित जास्तच चांगला!"

पण अण्णांना पटायला हवं ना! नोंदीवर नजर टाकून ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून यंत्रावर आळ घेतेस. चांगली आहेस तू पोरी, पण राहू दे." शनिवारी पंचम लागला तरच ते मानणार होते.

कंपनीला फोन केला, तर पंधरा दिवस थांबा. मोबाईलच्या लहरींवर हे मोजे चालत नाहीत. गुरुवारी ऋजुतानं स्वतःचा फोनही बंद करून पाहिला, तर घरात फक्त बावन्न ठोके राहिलेले बघून मनकवड्यानं घर झोपलंय असं ठरवलं आणि झोपलेल्या घराची लाईन वळवतात तशी ती शेजाऱ्यांना वाटून टाकली. शुक्रवारी शैलजाताई म्हणाल्या, "त्यात काय, मी चिडवते त्यांना." त्यांनी खोलीत जाऊन अण्णांच्या आवडत्या गवयाला बेसूर म्हटलं. लाईन अशी पळाली म्हणता! पण रागानं अण्णांचा हात लटलट कापायला लागला आणि टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे झाले.

"काय तरी न्याय!" शैलजाताई बाहेर येऊन पुटपुटल्या. "ज्याला लाईन हवी त्याला धडधड नाही आणि हिला धडधड आहे तर लाईनीचा उपयोग नाही. पट्टाच चुकीच्या मनगटावर बांधलाय."

ऋजुता ताडकन उभी राहिली. "आई! परत म्हणा!"

मनकवड्याला ठोके कळत होते, मनगट कोणाचं ते कुठं कळत होतं? अण्णांच्या नावाचा पट्टा तिनं स्वतःच्या हाती बांधला की तिची सगळी काळजी अण्णांच्या मोज्यांच्या नावावर जमा. आयुष्यभर जिच्यासाठी बोलणी खाल्ली ती काळजी एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडणार होती.

अण्णांनी पट्टा काढून दिला. "घे. मला तसाही रुततो."

शनिवारी सकाळी नवऱ्याला, सौमित्रला, त्याच्या कबड्डीसकट मित्राकडे धाडलं. अकराला अण्णांनी कानावर हेडफोन चढवले, मोजे घातले. सासूसुना स्वयंपाकघरात भिंतीवरच्या छोट्या पडद्यासमोर बसल्या. एका कोपऱ्यात अण्णांच्या लाईनची हिरवी पट्टी, शेजारी ऋजुताचे ठोके, आणि नैरोबीच्या टेबलाचा आवाज. ठोके एकशे बारा. हिरवी पट्टी काठोकाठ.

कानस टेकली. खर्र. खर्र. मेढेकरबाईंनी भाता ओढून पंचम वाजवला. थोडा उतरलेला, पण ठिकाणावर येत असलेला.

"चालतंय," ऋजुता कुजबुजली. "आई, चालतंय!" तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. ठोके शंभर, नव्वद, ब्याऐंशी. हिरवी पट्टी घसरू लागली. ते बघून ती पुन्हा घाबरली, पट्टी टुणकन वर. ती वर गेलेली बघून हिला हायसं वाटलं, पट्टी परत खाली. भीतीनं वर, सुटकेनं खाली, असा झोपाळाच सुरू झाला. आणि मोज्यांना तर एक चाल हवी! आतून अण्णांचा आवाज आला, "मेढेकरबाई, जरा थांबू. परत हलायला लागलंय."

"तू बघूच नकोस," शैलजाताईंनी तिचे खांदे धरून तिला पडद्याकडे पाठ करून बसवलं. "मी बघते. तू नुसती काळजी कर."

"अशी ठरवून होते का हो काळजी?"

"एरवी तर मागं लागून करतेस! बाई गं, गॅसवर दूध ठेवलंय!"

ऋजुताचं काळीज लक्कन हललं. पट्टी वर चढली. मग तिनं वळून गॅस पाहिला, वर काहीच नव्हतं. "आई, खोटं?"

खोटं आता पुन्हा चालणार नव्हतं हे शैलजाताईंनी ओळखलं. आत कानस पुन्हा टेकली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"मग खरं ऐक. तुझ्या माहेरची ती जांभळी साडी. हरवली नाही ती. इस्त्रीनं मी जाळली. गादीखाली आहे."

"काय!" ठोके एकशे सहा. "सहा महिने शोधतेय मी!"

"बोलू नकोस, आत ऐकू जाईल. आणि दिवाळीत भिशीच्या बायकांना माझ्या म्हणून ज्या चकल्या वाटते ना, त्या तुझ्या असतात. माझ्या मऊ पडतात. पाच वर्षं झाली."

ऋजुतानं तोंडावर हात दाबला. हसावं की भांडावं? एकशे दहा. खर्र, खर्र, आतली कानस एका लयीत चालली होती.

"अजून काय, अजून काय," शैलजाताई स्वतःशीच घाईनं शोधत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. "तू पहिल्यांदा ह्या घरी आलीस ना, तेव्हा मी सौमित्रला नको म्हटलं होतं. ही पोरगी फार घाबरट आहे, आपल्याकडे टिकायची नाही, असं म्हटलं होतं मी."

हे मात्र लागलं. सोळा वर्षं ऋजुताला आतून जे वाटत आलं होतं, ते आज सासूबाईंच्याच तोंडून आलं. डोळ्यांत पाणी तरारलं. ठोके एकशे सोळा. पट्टी पुन्हा काठोकाठ भरली, पण शैलजाताईंनी आता पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुनेचा पट्टा बांधलेला हात हातात घेतला.

"चुकले मी. अगं, त्यांचा हात गेला असं ते म्हणाले तेव्हा मी काय केलं? वय झालं, होतं असं, म्हणून शेंगा सोलत बसले. बेचाळीस वर्षांचा संसार माझा, आणि मी सोडून दिलं. तू नाही सोडलंस. घाबरतेस, रडतेस, पण सोडत नाहीस. पोटची पोर असती तरी एवढं केलं नसतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला सांगता येत नाही. आज त्या मेल्या राउटरपायी सांगतेय."

ऋजुताच्या छातीत नुसता ढोल वाजत होता. आनंदाची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक काही मनकवड्याला कळत नाही. एकशे एकोणतीस. त्यानं मोज्यांपुढं 'अत्यंत निकड' असं लिहिलं आणि घरातली सगळीच्या सगळी लाईन अण्णांना देऊन टाकली.

आतली खरखर थांबली. नैरोबीला भाता ओढला गेला. आधी षड्ज आला, मग त्याच्या शेजारी पंचम. दोघं एकमेकांत असे मिसळले की कुठं काय संपतं ते ऐकू येईना. मेढेकरबाईंनी तसाच भाता ओढत ठेवला. मागून कुठल्यातरी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"लागला!" अण्णा ओरडले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा खुर्चीतून उठला आणि हेडफोन लोंबत ठेवूनच स्वयंपाकघरात आला. दोन्ही हात त्यांनी पुढं धरले, पालथे, मग उलथे. "बघा गं, बघा. आहे का थरथर? आहे का कुठं?"

"नाही," ऋजुता म्हणाली.

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. मग डोळे पुसत त्यांनी दोघींकडे निरखून पाहिलं. "पण तुम्ही दोघी का रडताय? इथं चाललंय काय?"

"काही नाही, कांदा चिरत होतो," शैलजाताई म्हणाल्या. ओट्यावर कांद्याचा मागमूस नव्हता.

ऋजुतानं पट्टा सोडून अण्णांपुढं धरला, तर त्यांनी तो परत तिच्याच हाती बांधला. "असू दे तुझ्याकडेच. मेढेकरबाईंच्या ओळखीतली डर्बनची एक पेटी आहे, तिचे सात सूर गेलेत. मी होय म्हणून बसलोय. पुढचे सात शनिवार बसायचं."

"सात?" शैलजाताईंच्या हातातलं फुलपात्र ओट्यावर आदळलं. "अहो, सात शनिवार मी हिला सांगू काय? माझ्याकडं होतं नव्हतं ते आजच सांगून बसले!" मग त्यांनी सुनेकडे वळून, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "ऋजुता, तुझ्याकडं आहे का गं काही? मला न सांगितलेलं?"

ऋजुता डोळे पुसता पुसता लाजली. "आहे की, आई. भरपूर आहे."

"मग पुढच्या शनिवारी पट्टा मी बांधते," सासूबाई म्हणाल्या.